वडिलांच्या नव्या मोबाईलला पिन, पॅटर्न, बोट की चेहरा: सगळ्यात सुरक्षित लॉक कोणतं?

तुम्ही विचारलंय की वडिलांना पहिल्यांदाच स्मार्टफोन घेतलाय, ते त्यावर यूपीआयही वापरणार आहेत, तर चारपैकी कोणतं लॉक ठेवू. खाली चार जणांनी 'फिंगरप्रिंट ठेवा आणि निश्चिंत व्हा' असं लिहिलंय. ते वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितो. निश्चिंत होऊ नका. आमच्या घरात असंच निश्चिंत होण्यापायी साडेसेहेचाळीस हजार रुपये गेले.

चोपड्यात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, अकरा वर्षं झाली. आमचे आप्पा, म्हणजे वडील, तापीकाठच्या गावात केळीत राबत आलेत, आधी दुसऱ्याच्या, मग स्वतःच्या दोन एकरांत. केळीचा चीक ज्याने हाताला लावून घेतलाय त्यालाच कळेल मी काय म्हणतोय ते. घड कापला की दांड्यातून पाण्यासारखा चीक गळतो, वाळला की काळा पडतो. कपड्यावरचा डाग जन्मात जात नाही. बोटांवर त्याचा थर बसतो, साबणाने हलत नाही, रॉकेलने थोडाफार सुटतो. त्याखालची कातडी चाळीस वर्षं कोयता धरून गुळगुळीत झालेली आणि उन्हाळ्यात वर भेगा. रेशन दुकानात आप्पांचा अंगठा मशीन घेत नाही. उजवा नाही, डावा नाही, मग तर्जनी, मग मागे रांगेतले लोक चुळबुळ करायला लागतात. ही त्यांची वर्षानुवर्षांची गोष्ट.

माझा धाकटा भाऊ पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत त्याने आप्पांना फोन आणला आणि बोटाचं लॉक लावून दिलं. बोट नोंदवताना मागे पिन ठेवावाच लागतो, त्याशिवाय फोन पुढेच जात नाही. तर तो म्हणाला, "काहीही सोपा टाका आप्पा, तो नावालाच आहे, लागणार नाही." आप्पांनी मोटारसायकलचा नंबर टाकला, चार आकडी. यूपीआयलाही तोच, लक्षात राहावा म्हणून. मी तिथेच म्हटलं की आप्पांचं बोट चालणार नाही, पिन नीट ठेव, सहा आकडी ठेव. तो म्हणाला, "दादा, पिन आता जुना झाला. जगात सगळीकडे बायोमेट्रिकच आहे, बोट नाहीतर चेहरा." आणि आप्पांना सांगून गेला की तुमच्या अंगठ्याशिवाय हा फोन कुणाच्या बापाला उघडणार नाही.

हे शेवटचं वाक्य आम्हाला महाग पडलं.

वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा असते, बोरी नदीच्या पात्रात दुकानं लागतात. मृगात लावलेल्या केळीबागेची कापणी चालू होती. आप्पा सकाळी घड कापून दुपारच्या एसटीने यात्रेला गेले. संध्याकाळी नातवासाठी एक खेळण्यातला ट्रॅक्टर घेतला आणि पैसे द्यायला फोन काढला. बोट लावलं, नाही. धोतराला पुसून परत लावलं, नाही. दुसरं बोट, नाही. पाच वेळा चुकलं की फोन बोट घेणंच बंद करतो आणि पिन मागतो. मग आप्पांनी, त्यांना जवळचं दिसत नाही म्हणून फोन हातभर लांब धरून, एकेक आकडा दाबत पिन टाकला. भर गर्दीत. लगेच यूपीआय उघडून पुन्हा तेच चार आकडे. मागे उभ्या असलेल्याला एकदा चुकलं असेल तर दुसऱ्यांदा पाहायला मिळालं. एसटी स्टँडवर पोचेपर्यंत खिशात फोन नव्हता.

आप्पा घरी नऊला आले. फोन गेला म्हणून हळहळले, पण पैशाची काळजी त्यांना अजिबात नव्हती. "लॉक आहे ना, अंगठ्याशिवाय उघडत नही." मी दुकानाच्या मालासाठी जळगावला मुक्कामी होतो, मला त्यांनी रात्री कळवलंही नाही, उगाच कशाला त्रास. सकाळी नवं सिम काढायला गेलो, पासबुक भरून घेतलं, तर रात्री सातच्या सुमाराला दोन व्यवहार झालेले. केळी विकल्याच्या पट्टीचे पैसे चार दिवसांपूर्वीच जमा झाले होते. आप्पा पासबुकाकडे बघत एवढंच म्हणाले, "पैसा ग्यात रे भाऊ."

1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, मी सकाळी साडेदहाला फोन केला. सायबर फसवणुकीत पैसे पुढच्या खात्यात असतानाच गोठवायला हवेत, तिथून ते तासाभरात पुढे सरकतात. पंधरा तास उशीर झालेला. नऊ हजार एका खात्यात अडकलेले सापडले, ते पुढे काही महिन्यांनी मिळाले. बाकीचे गेले ते गेलेच. बँकेने सांगितलं, बरोबर पिन टाकून व्यवहार झालाय, आम्ही काय करणार.

आणि भाऊ फोनवर म्हणाला, "आप्पांनी हात धुऊन बोट लावायला हवं होतं."

त्या हातांनीच त्याची इंजिनिअरिंगची फी भरली. मी तेव्हा फोन ठेवून दिला, पण उत्तर आतच राहिलं होतं, ते इथे देतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तरही तेच आहे.

बोट हे कुलूप नाहीच. बोट म्हणजे त्याच कुलपाला लावलेली एक जादा किल्ली. खरं कुलूप पिन. फोन बंद करून चालू केला की पिन लागतो. अँड्रॉइड साधारण 72 तासांत एकदा पिन मागतोच, आयफोन 48 तास उघडला नाही तर मागतो, पाच वेळा बोट चुकलं की दोघेही मागतात. सेटिंगमध्ये जाऊन नवं बोट नोंदवायलाही पिनच लागतो, म्हणजे ज्याला पिन कळला तो स्वतःचा अंगठाही त्यात घालू शकतो. मग पिन 'नावाला' कसा? पिन कच्चा असेल तर वर लावलेलं बोट कितीही भारी असू द्या, फोन तेवढाच कच्चा. माझा भाऊ दहा वर्षं कॉम्प्युटरमध्ये आहे आणि त्याला हे सांगावं लागलं, याचं मला वाईट वाटतं.

चार आकडी पिनच्या दहा हजार शक्यता, सहा आकडीच्या दहा लाख. पण चोर आकडे लावत बसत नाही, थोड्या चुकांनंतर फोन त्याला थांबवून ठेवतो. चोर बघतो. म्हणून फोनचा पिन आणि यूपीआय पिन कधीही एक ठेवू नका. आप्पांचे दोन वेगळे असते तर फोन गेला असता, पैसे बहुधा राहिले असते. सहा आकडे एका नजरेत टिपणं चारपेक्षा अवघड जातं हाही फायदा. गाडीचा नंबर, जन्मसाल, मोबाईलचे शेवटचे आकडे नकोत.

पॅटर्नबद्दल माझं मत वाईट आहे. नऊ ठिपक्यांत 3,89,112 आकृत्या बसतात, कागदावर चार आकडी पिनपेक्षा कितीतरी जास्त. पण दुकानात काचा बदलायला येणारे फोन मी रोज हाताळतो. निम्म्यांचा पॅटर्न इंग्रजी एल, झेड किंवा सी असतो, आणि फोन उजेडात तिरका धरला की काचेवर बोटाची रेघ दिसते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लोकांनी 2010 मध्येच हे फोटो काढून दाखवलंय. चिकाच्या हातांचं तर विचारूच नका, रेघ काळीच उमटते. ठेवायचाच असेल तर निदान 'पॅटर्न दिसू द्या' हे सेटिंग बंद करा.

चेहऱ्याचं लॉक दोन प्रकारचं असतं आणि लोक एकाच तागडीत तोलतात. आयफोनचं फेस आयडी डोळ्यांना न दिसणारे तीस हजारांवर इन्फ्रारेड ठिपके चेहऱ्यावर टाकून खोली मोजतं. अनोळखी माणसाने उघडण्याची शक्यता अ‍ॅपल दहा लाखांत एक सांगतं, बोटासाठी पन्नास हजारांत एक. दहा-पंधरा हजारांच्या अँड्रॉइडमध्ये मात्र बहुतेक वेळा नुसता सेल्फी कॅमेरा असतो, तो सपाट फोटोसारखं बघतो. माझ्यासमोर दोन सख्ख्या भावांनी एकमेकांचे फोन उघडलेत. ओळखायची सोपी खूण सांगतो: बँकेचं अ‍ॅप बोट घेतं पण चेहरा घेत नाही, असं असेल तर समजा की त्या फोनचा चेहरा कच्चा आहे. अँड्रॉइड बायोमेट्रिकचे तीन वर्ग करतं आणि बँकांची अ‍ॅप सहसा वरचाच वर्ग मागतात.

आता सिम. याबद्दल कुणीच लिहिलेलं नाही म्हणून वेगळं सांगतो. फोन कितीही पक्का बंद असू द्या, चोर सिम काढून दुसऱ्या हँडसेटमध्ये घालतो आणि तुमच्या वडिलांचे सगळे ओटीपी त्याच्याकडे येतात. आधारचा नंबरही त्याच्या हाती लागला, तर आधार आणि ओटीपीवर यूपीआय पिनसुद्धा नव्याने बनवता येतो. यावर उपाय म्हणजे सिम पिन. सेटिंगमध्ये सिम लॉक म्हणून असतं. ते चालू केलं की सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकल्यावर आणि फोन बंद-चालू केल्यावर आधी तो पिन मागतं. मात्र कंपनीचा आधीचा पिन कस्टमर केअरला विचारूनच टाका, अंदाजाने नको. तीन वेळा चुकला की पीयूके, म्हणजे सिम उघडायचा कंपनीचा वेगळा कोड, मागतं, पीयूके दहा वेळा चुकला की सिम कायमचं बाद. दुकानात येणाऱ्या शंभरातल्या एकानेही हे लावलेलं नसतं. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणंही बंद करा, नाहीतर फोन न उघडताच ओटीपी वाचता येतो.

फोन गेलाच तर क्रम असा: आधी दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला आणि यूपीआय बंद करायला फोन, पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला 1930, मग सिम बंद, मग सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा स्वतःचा ओळख नंबर, ब्लॉक. आयएमईआय आजच *#06# दाबून वहीत लिहून ठेवा. लॉक आहे म्हणून सकाळची वाट बघू नका.

एवढं लिहिल्यावर वाटेल की मी बोटाच्या विरुद्ध आहे. नाही. ज्याचं बोट लागतं त्याने जरूर लावावं, कारण बोट लावलं की चारचौघांत पिन दिसत नाही, आमच्यावर आलं ते येत नाही. बोटाचा फोटो कंपनीकडे जातो हीही भीती बाळगू नका. चांगल्या फोनमध्ये त्याची गणिती खूण तेवढी आतल्या वेगळ्या सुरक्षित भागात राहते, बाहेर जात नाही. आधारचं बोट वेगळं, ते आधारच्या अ‍ॅपमधून लॉक करून ठेवता येतं आणि ठेवावं, फक्त रेशनच्या दिवशी उघडायची आठवण हवी. स्क्रीनच्या आत सेन्सर असेल तर स्वस्त जाड ग्लास टाकू नका. 2019 मध्ये सॅमसंगच्या एस 10 वर काही सिलिकॉनची कव्हरं चढवली की कुणाचंही बोट चालत होतं, कंपनीला सॉफ्टवेअर दुरुस्त करावं लागलं. अनोळखी ग्लासवर बोट नोंदवणं मी तेव्हापासून टाळतो.

कष्टाच्या हातांसाठी माझी पद्धत सांगतो, ही शिकायला मला पैसे मोजावे लागलेत. अंगठा नोंदवू नका, तो सगळ्यात झिजलेला असतो. करंगळी किंवा अनामिका घ्या, तिथे रेषा शाबूत असतात. एकच बोट दोनदा नोंदवा, एकदा स्वच्छ हाताने, एकदा कामावरून आल्या आल्या. सेन्सर बाजूच्या बटणावर असलेला फोन घ्या, आमच्याकडे तो जास्त चालतो. आप्पांची डाव्या हाताची करंगळी आता दहात आठ वेळा लागते. उरलेल्या दोन वेळांसाठी सहा आकडी पिन आहे. तो त्यांनी मलाही सांगितलेला नाही. टाकताना ते भिंतीकडे तोंड करतात आणि खांद्यावरचा पंचा फोनवर धरतात.

गेल्या पोळ्याला भाऊ आला होता. जेवणं झाल्यावर मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, तुझ्या फोनला बोटाच्या मागे पिन किती आकडी आहे? तो गप्प बसला. चार आकडी होता, आणि त्याच्या मुलीचं जन्मसाल होतं, कारण मुलीनेच ते मोठ्याने सांगितलं. त्याने तिथेच बसून बदलला. आप्पा त्याच्या शेजारी होते, ते उठून दाराकडे जाऊन उभे राहिले, आकडे आपल्याला दिसू नयेत म्हणून.

तुमच्या वडिलांचं काम काय ते प्रश्नात लिहिलेलं नाही. शेती, गवंडीकाम, भांडी, सिमेंट, की टेबलावरची नोकरी, ते कळवा आणि फोनचं मॉडेलही सांगा. कोणतं बोट नोंदवायचं ते त्यावरून सांगता येईल.