४०० हॉर्सपॉवरच्या इम्प्रेझासाठी दोन लिटरचं इंजिन ठेवावं की अडीच लिटरचा ब्लॉक बसवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००४ ची सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स, दोन लिटरचं टर्बो इंजिन, मूळचाच पाच गिअरचा गिअरबॉक्स. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत हवा दाबली जाण्याचं प्रमाण) कमी आलंय, म्हणून इंजिन उतरवलंच आहे. रोज चालवायची, अधूनमधून ट्रॅकवर न्यायची, साधं चांगल्या ऑक्टेनचं पेट्रोल आणि लक्ष्य ४०० हॉर्सपॉवर. तर फोर्ज्ड (दाबून घडवलेले, मजबूत) पिस्टन टाकून हेच इंजिन बांधावं, की अडीच लिटरचा ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य भाग) आणून त्यावर तुमचेच हेड (व्हॉल्व्ह असलेली टोपणं) बसवावेत?

दोन लिटरच ठेवा. फोर्ज्ड पिस्टन टाका, टर्बो मध्यम आकाराचा घ्या. गिअरबॉक्सही बदलायची तयारी असेल तर मात्र मी अडीच लिटरचा विचार करीन. म्हणजे इंजिनचा निर्णय खरं तर गिअरबॉक्स घेतो, आणि नेमका त्याचाच उल्लेख तुमच्या प्रश्नात ओझरता आलाय.

आकडे बघा. तुमच्या दोन लिटरच्या ईजे२० इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ९२ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५, क्षमता १९९४ सीसी. अडीच लिटरच्या ईजे२५ चा बोअर ९९.५, स्ट्रोक ७९, क्षमता २४५७ सीसी. ४०० हॉर्सपॉवर काढायला मिनिटाला साधारण १७-१८ किलो हवा इंजिनात जावी लागते, मग इंजिन कोणतंही असो. वीसएक पीएसआय बूस्टवर (टर्बोने हवेला दिलेला जादा दाब) दोन लिटरचं इंजिन तेवढी हवा ७००० आरपीएमच्या आसपास गिळतं. अडीच लिटरचं तेच काम त्याच बूस्टवर ५७०० ला करतं. आता टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, काढा: ७००० ला ४०० हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ४०५ न्यूटनमीटर, आणि ५७०० ला तेच ४०० म्हणजे ५०० न्यूटनमीटर. टॉर्कचं शिखर त्याच्याही आधी येतं, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा दोन्हीकडे आणखी वर जातो. गिअरच्या दातांना हॉर्सपॉवर कळत नाही, टॉर्क कळतो. तुमची गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा त्या गिअरबॉक्समधून ३०० न्यूटनमीटरच्या आसपास टॉर्क जात होता, आणि हा पाच गिअरचा बॉक्स नाजूक म्हणूनच ओळखला जातो.

त्यात गाडी चारही चाकांवर चालणारी. दोन चाकांवरच्या गाडीत जास्त टॉर्क आला की टायर घसरतात आणि झटका तिथेच जिरतो. इथे चारही टायर पकड सोडत नाहीत, म्हणून उभ्या जागेवरून क्लच सोडला की सगळा झटका गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) सोसतात. दोन लिटरच्या इंजिनात टॉर्क वरच्या आरपीएमला आणि हळूहळू येतो, त्याचा इथे फायदाच होतो. खाली जरा सुस्त वाटेल, हे खरं. रोजच्या रहदारीत तुम्हाला ते जाणवेल, पण दर गिअरला धाकधूक घेऊन चालवण्यापेक्षा ते मला परवडतं. पुढेमागे एसटीआयचा (इम्प्रेझाच्याच जास्त ताकदीच्या आवृत्तीचा) सहा गिअरचा बॉक्स टाकलात तर पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर जुळतंय ना ते आधी तपासा. ते जुळलं नाही तर मधला डिफरन्शियल सतत फिरत राहतो आणि जळतो.

अडीच लिटरबद्दलची दुसरी शंका त्याच्या ब्लॉकचीच आहे. सिलिंडरांच्या केंद्रांमधलं अंतर दोन्ही इंजिनांत सारखंच, बोअर मात्र साडेसात मिलिमीटरने मोठा. म्हणजे मधली भिंत तेवढ्याने बारीक आणि हेड गॅस्केटला (ब्लॉक आणि हेडमधलं सील) बसायला जागाही कमी. शिवाय या इंजिनाच्या कंपनीच्या पिस्टनमध्ये रिंगांच्या खाचांमधली कड तुटते, हा तर सर्वश्रुत आजार आहे. नॉकिंगचे (पेट्रोल अवेळी भडकण्याचे) थोडे फटके बसले तरी पुरतं. तुमचे हेड त्यावर बसतात, लोक बसवतातही, पण त्यांची ज्वलनाची पोकळी ९२ च्या बोअरसाठी केलेली आहे. पिस्टनच्या खळग्यासकट कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते ते) नव्याने मोजल्याशिवाय ती जोडी लावू नका.

पिस्टनचं म्हणाल तर धातूवर लक्ष द्या, नुसत्या ‘फोर्ज्ड’ या शब्दावर जाऊ नका. २६१८ हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू जास्त मार सोसतो, पण तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून पिस्टन आणि सिलिंडरमधली फट मोठी ठेवावी लागते आणि थंड इंजिन खडखडतं. ४०३२ या दुसऱ्या मिश्रधातूत सिलिकॉन जास्त, फुगणं कमी, फट घट्ट ठेवता येते. रोज चालवायच्या आणि ४०० वर थांबणार असलेल्या गाडीत मी ४०३२ घालीन. ५०० चं स्वप्न मनात दडलेलं असेल तर २६१८ घ्या आणि सकाळचा खडखडाट ऐकायची सवय करा. बोअरचं माप पिस्टन हातात आल्यावरच घ्यायचं, त्याआधी ब्लॉक बोअरिंगला देऊ नका.

इंधनाचा हिशेब सोपा आहे. पूर्ण ताकदीवर टर्बो इंजिनाला दर हॉर्सपॉवरमागे तासाला सुमारे २५० ग्रॅम पेट्रोल धरायचं. ४०० साठी १०० किलो, म्हणजे एका इंजेक्टरला २५. इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) ८० टक्क्यांवरच चालवायचा म्हटलं तर मिनिटाला ७०० सीसीची गरज निघते; मी ७५० च्या खालचे बघणार नाही. जोडीला मोठा इंधनपंप. पुढे ई८५ (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं इंधन) वापरायचा विचार असेल तर तिसरा हिस्सा वाढवून आत्ताच मोठे घ्या.

आता ज्यावर मी हात आखडता घेणार नाही तो भाग: तेल. या इंजिनात ऑइल पॅनमधून (खालच्या तेलाच्या टाकीतून) तेल ओढणारी नळी जोडापाशी तडकते, मग पंप तेलाबरोबर हवा ओढतो आणि बेअरिंग जातं. ती मजबूत नळीने बदला. पॅनमध्ये आडवे पडदे लावा, कारण ट्रॅकवरच्या लांब वळणात तेल एका बाजूला सरकतं. आधी कधी बेअरिंग गेलेलं असेल तर जुना ऑइल कूलर फेकून द्या. कितीही धुतला तरी धातूचा बारीक चुरा त्यात उरतो आणि नव्या इंजिनात उतरतो. क्रँककेसमधली (इंजिनच्या खालच्या पोकळीतली) तेलाची वाफ इनटेकमध्ये (हवा आत घेण्याच्या मार्गात) गेली की पेट्रोलचा प्रभावी ऑक्टेन घसरतो, म्हणून ती वेगळी करणारं यंत्रही लावा. टायमिंग बेल्ट, त्याचे पुली आणि पाण्याचा पंप नवे घालाच; बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात.

टर्बो सगळ्यात शेवटी निवडा. टर्बोच्या कॉम्प्रेसरचा नकाशा, म्हणजे तो किती दाबाला किती हवा ढकलतो याचा आलेख, समोर ठेवा; त्यावर मिनिटाला ४० पौंड (म्हणजे १८ किलो) हवा आणि २.४ च्या आसपासचं प्रेशर गुणोत्तर हा बिंदू कार्यक्षम पट्ट्यात बसतो का ते बघा. नकाशाच्या टोकाला बसत असेल तर टर्बो लहान आहे, डावीकडच्या सर्ज रेषेला (जिच्यापलीकडे हवा उलटी धडकू लागते) चिकटत असेल तर मोठा. एक्झॉस्टसाठी समान लांबीचा हेडर (धूर इंजिनातून टर्बोकडे नेणाऱ्या नळ्या) घेतलात तर टर्बो लवकर जागा होईल, पण सुबारूचा तो गडगडाट जाईल. काही लोक केवळ आवाजासाठी जुना हेडर ठेवतात आणि मी त्यांना हसत नाही.

मूळ ट्यूनवर (इंजिनच्या कॉम्प्युटरमधल्या कंपनीच्या सेटिंगवर) यातलं काहीही चालवू नका. वाइडबँड मीटर (हवा-इंधन गुणोत्तर दाखवणारं) पहिल्या दिवसापासून असू द्या आणि पूर्ण बूस्टवर हवा-इंधन गुणोत्तर ११ ते ११.५ च्या दरम्यान ठेवायला ट्यूनरला सांगा. डायनो (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणारं यंत्र) चारही चाकांचा हवा आणि चारही टायर एकाच मापाचे, एकसारखे झिजलेले.

हे सगळं घेण्याआधी एक काम. कॉम्प्रेशन कमी आलेल्या सिलिंडरची लीक-डाउन टेस्ट (दाबाची हवा भरून ती कुठून निसटते ते बघणं) केली होती का? हवा एक्झॉस्टमधून निसटत होती की ऑइलच्या झाकणातून, ते कळवा. व्हॉल्व्ह जळालेला असेल तर हेडचं कामही यादीत येईल, आणि तो खर्च धरूनच टर्बो ठरवावा लागेल.