सुदानमधली उपासमार: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: १९७२ला आपल्याकडे पाऊस नव्हता, तरी भूकबळींची रांग लागली नाही. सुदानमध्ये तर नाईलकाठचा गेझिरासारखा बागायती पट्टा आहे. मग तिथे ही वेळ का?

उत्तर: आपल्याकडे दुष्काळी कामं निघाली. खडी फोडून का होईना, मजुरी हातात पडत होती आणि रेशनवर मिलो, म्हणजे लाल ज्वारी, मिळत होता. सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३पासून जनरल बुरहान यांचं लष्कर आणि हेमेदती यांचं आरएसएफ हे निमलष्करी दल लढत आहेत. त्या डिसेंबरात आरएसएफ गेझिरात घुसलं. गेझिरातल्या वाद मदनी या शहरात संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाचं गोदाम लुटलं गेलं. त्यात १५ लाख लोकांना महिनाभर पुरेल एवढं अन्न होतं. शेतकरी परागंदा झाले, पेरण्या हुकल्या, मजुरी बुडाली. बाजारात धान्य आलं तरी ते घ्यायला पैसा कुणाकडे होता?

प्रश्न: सुदानमध्ये अन्नाची मदत 'अडवली' असं म्हणतात, म्हणजे नेमकं काय केलं?

उत्तर: सुदानच्या पश्चिमेकडच्या दारफुर प्रांताला जवळची वाट शेजारच्या चाडच्या हद्दीतल्या आद्रे नाक्यावरून जाते. तिथून आरएसएफला शस्त्रं येतात, असं सांगून लष्करी सरकारनं फेब्रुवारी २०२४मध्ये ती बंद केली. ऑगस्टच्या मध्यावर वाट उघडली, तोवर दारफुरमधल्या विस्थापितांच्या झमझम छावणीत दुष्काळ असल्याचं तज्ज्ञांच्या समितीनं जाहीर केलं होतं. वर पावसाळा, त्यामुळे ट्रक चिखलात रुतले. लष्कराकडून परवान्यांची दिरंगाई, तर आरएसएफच्या चौक्यांवर वसुली.

दारफुरमधल्या एल-फाशेर शहरात आरएसएफनं कहर केला. मे २०२४पासून वेढा, पुढे शहराभोवती मातीचा बांध. आत माणसं 'अंबाझ' खात होती, म्हणजे तेल काढून उरलेली शेंगदाण्याची पेंड, जी एरवी गुरांपुढे टाकतात. वेढा उठवा, असा ठराव सुरक्षा परिषदेनं जून २०२४मध्ये केला. वेढा उठला नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये शहर पडलं. नागरिकांना मुद्दाम उपाशी ठेवणं हा युद्धगुन्हा आहे, आणि माझ्या मते दोन्ही बाजूंना त्याचा जाब विचारलाच पाहिजे.

प्रश्न: विमानातून अन्न टाकता येत नाही का?

उत्तर: येतं, पण फार थोडं आणि फार महाग. शिवाय दारफुरच्या आकाशात विमानं पाडली गेली आहेत. रस्त्याला पर्याय नाही.

प्रश्न: मग आज लोकांना जेवायला कोण घालतं?

उत्तर: बऱ्याच ठिकाणी गल्लीतलेच तरुण. 'इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम' नावाचे त्यांचे गट 'तकाया' चालवतात, म्हणजे सामुदायिक स्वयंपाकघरं. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत थांबली आणि यातली शेकडो बंद पडली. देणगी द्यायची असेल, तर पैसा या स्वयंपाकघरांपर्यंत पोचतो का, हे आधी त्या संस्थेला विचारा.