प्रश्न तुमचे : एकोणीस वर्षांच्या नोकरीनंतर ग्रंथालयशास्त्राचा वर्ग

प्रश्न : मी सेहेचाळीस वर्षांची आहे. एका शाळेच्या ग्रंथालयात एकोणीस वर्षे साहाय्यक म्हणून काम केल्यानंतर यंदा मी विद्यापीठात ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या पदवीसाठी प्रवेश घेतला आहे. पहिल्या दोन महिन्यांतच माझा धीर सुटू लागला आहे. वर्गीकरणाच्या प्रात्यक्षिकात मला वीसपैकी सात गुण मिळाले आणि ज्यांनी आजवर ग्रंथालयाच्या काउंटरमागे पाऊलही ठेवलेले नाही, अशा मुलामुलींना माझ्या दुप्पट मिळाले. वाचलेले लक्षात राहत नाही आणि संगणकावरील तालिकीकरणाची, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्याची, तर धास्तीच वाटते. हे मला झेपेल का, की आहे त्या नोकरीतच समाधान मानावे?

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण त्या सात गुणांमागचे दुःख माझ्या ओळखीचे आहे. बारा वर्षे देवघेव विभागात काढून एक्केचाळिसाव्या वर्षी मी या विषयाच्या वर्गात बसले, तेव्हा पहिल्या चाचणीत माझीही हीच गत झाली होती. पुढे हाच विषय शिकवताना मला दरवर्षी दिसत गेले की, ग्रंथालयात काम करून आलेली व्यक्ती वर्गीकरणात सुरुवातीला हमखास अडखळते. या अडखळण्याचा वयाशी फारसा संबंध नसतो. ती सवयीची अडचण असते.

शाळेत पुस्तक हाती आले की ते कोणत्या कपाटात जाते हे तुमच्या हाताला ठाऊक असते, मनाला विचारावे लागत नाही. पूर्वी कोणीतरी घेतलेला निर्णय तुम्ही रोज चोख पाळत आला आहात. वर्गात मात्र पुस्तक कोठे ठेवायचे यापेक्षा ते तेथेच का ठेवायचे, याला महत्त्व असते. संगीताच्या साहाय्याने रुग्णांवर उपचार कसे करावेत, हे सांगणारे एक पुस्तक प्रात्यक्षिकात दिले आहे असे समजा. अनुभवी साहाय्यकाची नजर मुखपृष्ठावरच्या वाद्यावर पडते आणि हात आपोआप ७८० कडे, म्हणजे संगीताकडे वळतो. ज्या मुलीने संगीताचे कपाट कधी लावलेलेच नाही, ती निमूटपणे अनुसूची, म्हणजे विषय आणि त्यांचे क्रमांक यांची यादी, उघडते, एका विषयाचा दुसऱ्या विषयात उपयोग केलेला असेल तर ज्यात उपयोग केला आहे त्या विषयाखाली पुस्तक ठेवावे हा ड्यूईच्या दशांश वर्गीकरणातील, म्हणजे विषयांना आकडे देणाऱ्या पद्धतीतील, नियम वाचते आणि वैद्यकातील उपचारपद्धतींच्या ६१५ या वर्गाशी पोहोचते. तिला जास्त गुण मिळाले ते या थांबण्याचे. शिवाय त्या नियमामागचे कारण तुम्ही तिच्यापेक्षा लवकर ओळखाल : हे पुस्तक शोधत येणारा माणूस गायक नसून रुग्णांवर उपचार करणारा असतो आणि तो वैद्यकाच्या कपाटापाशीच उभा राहतो.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, तुमच्या शाळेच्या ग्रंथालयातील दहा पुस्तके दर आठवड्याला बाजूला काढा, त्यांच्या पाठीवरील बोधांकाच्या, म्हणजे पुस्तकाची जागा सांगणाऱ्या क्रमांकाच्या, चिठ्ठीवर कोऱ्या कागदाची पट्टी लावा आणि जणू ते पुस्तक आजच दाखल झाले आहे, अशा रीतीने त्याचा वर्गांक, म्हणजे विषयाचा क्रमांक, काढा. प्रत्येक पुस्तकासाठी वहीत तीन ओळी लिहा : याचा विषय काय, कोणता नियम लागू झाला आणि जवळचा दुसरा कोणता क्रमांक मी का सोडला. मग पट्टी काढून जुना बोधांक पाहा. दोन्ही जुळले तर पुढे जा. जुळले नाहीत तर तेथेच थांबा, कारण खरे शिक्षण त्या फरकात आहे. कधी चूक तुमची असेल, कधी जुनी चिठ्ठी चुकीची निघेल, तर कधी मुलांच्या सोयीसाठी कोणीतरी जाणूनबुजून पुस्तक दुसरीकडे ठेवले असेल, आणि तोही आपल्या जागी योग्यच निर्णय असू शकेल. पुस्तकात दोन विषय सारख्याच प्रमाणात आले असतील, तर अनुसूचीत ज्याचा क्रमांक आधी येतो तेथे ते ठेवावे हा साधा नियम मी कितीही वेळा वाचला तरी मनात ठरत नव्हता. अशी चाळीसेक पुस्तके उलगडल्यावर तो कायमचा ठरला. ही वही मी अजून जपून ठेवली आहे.

लक्षात न राहण्याविषयी एवढेच सांगते की, वाचलेले पान पुन्हा पुन्हा वाचू नका. पुस्तक मिटवा, आठवेल तेवढे कोऱ्या कागदावर लिहा, मग पुस्तक उघडून काय राहून गेले ते पाहा आणि दोन दिवसांनी हेच पुन्हा करा. शिवाय अनुसूची पाठ करण्याची कोणाचीच अपेक्षा नसते. दहा मुख्य वर्ग, त्यांचे शंभर विभाग आणि पुढे हजार उपविभाग अशी ड्यूईची रचना आहे. त्यातील दहा वर्ग मनात पक्के असावेत, बाकीचे कोठे सापडेल हे कळले की पुरे.

आता संगणकावरील तालिकीकरण. त्या पडद्यावर दिसणारे १००, २४५, ६५० असे आकडे पाहून भीती वाटते, हे स्वाभाविक आहे; पण हे आकडे म्हणजे तुम्ही वर्षानुवर्षे तालिकापत्रावर, म्हणजे पुस्तकाच्या नोंदीच्या कार्डावर, भरलेल्या जागांचीच नावे आहेत. १०० म्हणजे लेखक, २४५ म्हणजे शीर्षक, ६५० म्हणजे विषय शीर्षक आणि ०२० म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांक, आयएसबीएन. ‘मार्क’ या नावाने ओळखली जाणारी ही रचना अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ज्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली, त्या हेन्रिएट अवराम १९६५ साली तेथे रुजू झाल्या तेव्हा पंचेचाळीस वर्षांच्या होत्या आणि त्या संगणकाच्या क्षेत्रातून आल्या होत्या, ग्रंथालयातून नव्हे. तालिकेचे नियम त्यांना त्या वयात मुळापासून समजून घ्यावे लागले. तुमची वाट त्यांच्या नेमकी उलट दिशेने जाते : तालिकापत्रावरील प्रत्येक ओळ कशासाठी असते हे तुम्हाला माहीत आहे, फक्त यंत्र नवे आहे. सरावासाठी ‘कोहा’ ही मुक्तस्रोत ग्रंथालय प्रणाली विनामूल्य मिळते. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी ती तयार झाली आणि २००० सालापासून वापरात आहे. विभागातील संगणकावर ती असेल, तर सरांना किंवा मॅडमना सांगून रोज अर्धा तास मागून घ्या आणि घरातील पन्नास पुस्तकांच्या नोंदी करा. एखादी नोंद चुकली तर ती खोडता येते; शाईने लिहिलेल्या दाखल नोंदवहीत ती सोय आपल्याला नव्हती.

एका विषयात तुम्ही वर्गाच्या पुढे आहात, हे तुम्हाला अजून कोणी सांगितलेले दिसत नाही. अमेरिकी ग्रंथालयतज्ज्ञ रॉबर्ट टेलर यांनी १९६८ साली संदर्भसेवेविषयी, म्हणजे वाचकाला हवी ती माहिती शोधून देण्याविषयी, एक लेख लिहिला. त्यात त्यांनी मांडले की, वाचकाची गरज आधी नुसती हुरहूर असते, मग तिची जाणीव होते, मग ती शब्दांत येते आणि शेवटी, समोरच्या ग्रंथालयात काय मिळेल याचा अंदाज घेऊन, वाचक तिला मुरड घालून विचारतो. म्हणजे आपल्या कानी पडतो तो चौथ्या पायरीवरचा, पुष्कळसा बदललेला प्रश्न. मी देवघेवीच्या टेबलावर असताना एक गृहस्थ रसायनशास्त्राचे ‘कोणतेही सोपे पुस्तक’ मागत होते. दोन पुस्तके त्यांनी चाळून परत ठेवली. त्यांच्या हातातील दुमडलेली चिठ्ठी मला दिसली आणि मी हलकेच विचारले तेव्हा कळले की, आईला दोन डॉक्टरांनी दिलेली दोन औषधे एकत्र घेतली तर चालतील का, हे त्यांना पाहायचे होते. त्यांना औषधांचा कोश दाखवला, ही चिठ्ठी आजच डॉक्टरांना दाखवा असेही सांगितले. टेलर यांचे नाव मी तोवर ऐकलेही नव्हते. तुम्ही एकोणीस वर्षे मुलांचे असे अर्धवट प्रश्न ऐकत आला आहात, ‘ते निळे पुस्तक, मागच्या वर्षी होते ते’ इथपासून. संदर्भसेवेच्या तासाला हे अनुभव बोला. वर्गातील मुलांना ते ऐकायला हवे आहेत, आणि त्या बदल्यात संगणकावरील अडचण त्यांना विचारताना तुम्हाला संकोच वाटणार नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. डॉ. एस. आर. रंगनाथन यांना आपण ग्रंथालयशास्त्राचे आचार्य मानतो, परंतु ते मुळात गणिताचे अध्यापक होते. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्याच वर्षी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विद्यार्थी म्हणून दाखल झाले. तेथे वर्गीकरण शिकताना त्यांना प्रचलित पद्धतींतील उणिवा खटकू लागल्या, आणि पुढे १९३३ साली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. आधीचे शिक्षण आणि आधीची नोकरी पाठीशी असलेला माणूस वर्गात बसला की तो नियम नुसता स्वीकारत नाही, त्याला प्रश्न विचारतो. हा तुमचाही हक्क आहे, तो वापरा.

राहता राहिला तुमचा मूळ प्रश्न. माझे स्पष्ट मत असे की, सत्र संपेपर्यंत सोडण्याचा विचार करू नये. दोन महिन्यांत फक्त जुनी सवय मोडते, नवी लागत नाही. मात्र सत्राच्या अखेरीस स्वतःला प्रामाणिकपणे एक विचारा : हे पुस्तक येथेच का, या प्रश्नात मला गोडी वाटू लागली आहे का? वाटत असेल तर गुण मागोमाग येतील. वहीत शंभर पुस्तके उलगडूनही तो प्रश्न कंटाळवाणाच वाटत असेल, तर नोकरीत राहून वाचकांची सेवा करण्यात काहीही कमीपणा नाही.

प्रश्न : मी बावन्न वर्षांचा असून बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. वाचनाची आवड असल्याने ग्रंथालयशास्त्राची पदवी घ्यावी असे मनात आहे. ग्रंथालयात काम करण्याचा अनुभव नाही. या वयात त्याचा उपयोग होईल का?

उत्तर : वाचनाची आवड ही या शिक्षणाची पुरेशी तयारी नव्हे, हे आधीच सांगणे मला कर्तव्य वाटते. ग्रंथपालाच्या दिवसात वाचन फार थोडे असते. पुस्तके निवडणे, नोंदवणे, शोधून देणे, दुरुस्तीला पाठवणे, जीर्ण झालेली काढून टाकणे आणि माणसांशी बोलणे यातच दिवस जातो. म्हणून प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी एखाद्या ग्रंथपालांची परवानगी घेऊन महिनाभर त्यांच्या हाताखाली काम करा. महिन्याच्या शेवटी परत आलेल्या पुस्तकांची ढकलगाडी पाहून ती लावावीशी वाटली, तर जरूर प्रवेश घ्या.

बँकेतील तुमची एक सवय मात्र येथे फार मोलाची ठरेल. एकाच खातेदाराचे नाव तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलेले दिसले की तुमचे मन अस्वस्थ होत असेल. तालिकेतही हेच संकट असते : एकच लेखक कोठे पूर्ण नावाने, कोठे आद्याक्षरांनी, तर कोठे टोपणनावाने नोंदलेला असतो आणि त्याची निम्मी पुस्तके वाचकाला सापडतच नाहीत. नावाचे एकच प्रमाण रूप ठरवून बाकीची रूपे त्याच्याशी जोडून देणे हे तालिकाकाराचे अत्यंत चिकाटीचे काम आहे, आणि जगभरातील राष्ट्रीय ग्रंथालयांनी ठरवलेली अशी रूपे एकत्र जोडणारी व्हीआयएएफ नावाची सूचीही आहे. ज्याने आयुष्यभर एकेका पैशाचा मेळ घातला, त्याला हे काम कंटाळवाणे वाटणार नाही. नोकरीच्या आश्वासनावर मात्र या वयात पदवी घेऊ नका. जेथे काम करावेसे वाटते, तेथील पदासाठी वयाची आणि पदवीची अट काय आहे, हे आधी लेखी विचारून घ्या.

प्रश्न : नोकरी सांभाळून ग्रंथालयशास्त्र दूरशिक्षणाने करावे की प्रत्यक्ष वर्गात?

उत्तर : ग्रंथालयांचा इतिहास, व्यवस्थापन, माहिती आणि समाज हे विषय घरी बसून उत्तम अभ्यासता येतात. वर्गीकरण, तालिकीकरण आणि संदर्भसेवा यांसाठी मात्र चूक होत असतानाच ती दाखवून देणारे कोणीतरी शेजारी असावे लागते. त्यामुळे दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम निवडलात, तरी प्रवेश घेण्यापूर्वी दोन गोष्टी कार्यालयाकडून लेखी मागून घ्या : वर्षभरात प्रत्यक्ष प्रात्यक्षिकाचे तास किती आहेत आणि ते कोणत्या ग्रंथालयात होतात.