काका एफडी मोडायला आलेत, काउंटरवर काय बोलाल?

प्रश्न: मुलुंडच्या एका सहकारी बँकेत मी नव्या काउंटर स्टाफला ट्रेनिंग देते. ‘डिजिटल अरेस्ट’च्या (पोलीस असल्याचं भासवून फोनवरच अटकेची भीती घालण्याच्या फसवणुकीच्या) धाकाने वयस्कर ग्राहक मुदतीआधीच एफडी मोडायला येतात, तेव्हा कसं वागायचं हे प्रसंगांतून शिकवायचं आहे. स्लाइड्स दाखवल्या, डोक्यात काही राहत नाही. महागडं सॉफ्टवेअर परवडणार नाही. काय वापरू?

उत्तर: ट्वाइन वापरा. ते मोफत आहे. ख्रिस क्लिमास यांनी २००९ मध्ये ते आणलं, वाचकाच्या निवडीनुसार फाटे फुटणाऱ्या गोष्टी लिहिण्यासाठी. एका चौकटीत प्रसंग लिहायचा, पर्यायाला दुहेरी चौकोनी कंस घातले की पुढची चौकट आपोआप तयार होते. शेवटी एकच एचटीएमएल फाइल मिळते, ती कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते. मराठी व्यवस्थित चालतं. मात्र ते संगणकावर इन्स्टॉल करूनच वापरा. ऑनलाइन ट्वाइनमध्ये गोष्ट ब्राउझरमध्येच साठते आणि कुणी ब्राउझर साफ केला की सगळी मेहनत जाते.

पण ट्वाइन उघडण्याआधी तुमच्या सगळ्यात जुन्या कॅशियरजवळ बसा. ग्राहक नेमकं काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. मला यातलं हेच काम सर्वांत मोलाचं वाटतं. घाबरलेले काका ‘मला फसवतायत’ असं कधीच म्हणत नाहीत. ‘मुलीच्या ऑपरेशनला लागतायत, लवकर करा’ म्हणतात, कारण फोनवरच्या भामट्याने तसंच बजावलेलं असतं, आणि खिशातला फोन चालूच असतो.

आता पर्याय. फॉर्म देऊन टाकायचा. ‘काका, ही फसवणूक आहे’ असं तिथेच सांगायचं. की पाणी देऊन मॅनेजरच्या केबिनमध्ये बसवायचं? तिन्ही पटण्यासारखे हवेत. पहिला तर नियमालाही धरून आहे, पैसे त्यांचेच आहेत! निवड केल्यावर ‘चूक’ असा शिक्का मारू नका, पुढे काय घडतं ते दाखवा. दुसऱ्या पर्यायात काका चारचौघांत दुखावतात आणि तडक दुसऱ्या शाखेत जातात. पैसे गेल्यावर घरचे धावत येतात त्या फाट्यावर १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लगेच लावण्याचा प्रसंग ठेवा.

तीन वेळा तीन-तीन पर्याय दिले की २७ शेवट होतात, म्हणून फाटे मध्येच पुन्हा एकत्र आणा. गुणांची नोंद हवी असेल आणि बँकेत मूडल (ऑनलाइन ट्रेनिंगची प्रणाली) असेल, तर त्यात चालणाऱ्या एचफाइव्हपी या साधनाचा ब्रँचिंग सिनॅरिओ, म्हणजे फाटे फुटणारा प्रसंग, बघा. पहिली चाचणी गूगल फॉर्मवरही होते. उत्तरानुसार पुढचा विभाग उघडण्याची सोय त्यात आहे.