नोकरी सोडून गावाकडे राहून स्वतंत्र सॉफ्टवेअर डेव्हलपर व्हावं का? ओपन सोर्समध्ये नाव केलं की कामं आपोआप येतात हे खरं का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात आयटीत सहा वर्षं झाली, आता गावी राहून स्वतंत्र काम करायचं मनात आहे आणि मित्र सांगतात, ‘आधी ओपन सोर्समध्ये (म्हणजे ज्याचा कोड कोणालाही बघता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरमध्ये) नाव कर.’ आपोआप काही येत नाही, पण मित्रांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही.

मी कऱ्हाडला असतो. आधी पुण्यात नोकरी होती. आता इथल्या पतसंस्थांची सॉफ्टवेअरं सांभाळतो आणि बाहेरच्या एक-दोन कंपन्यांसाठी मजकूर शोधण्याच्या प्रणालींवर काम करतो. पहिलं काम ओळखीतून मिळालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. दुसरं कसं मिळालं ते मात्र सविस्तर सांगतो.

एका पतसंस्थेतून तक्रार आली की पत्त्यात ‘कऱ्हाड’ टाकून खातेदार शोधले तर निम्मेच सापडतात. पडद्यावर सगळ्यांचे पत्ते तर सारखेच दिसत होते. आत बघितल्यावर उलगडा झाला. आपला ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरं साठवायच्या जागतिक पद्धतीत) दोन तऱ्हांनी साठवता येतो. एकात खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलन्त. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि मागे झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. डोळ्यांना दोन्ही एकच, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. श्रीलिपी या जुन्या मराठी टंकलेखन प्रणालीतून युनिकोडमध्ये आणलेल्या जुन्या नोंदी एका तऱ्हेच्या होत्या, अलीकडे भरलेल्या दुसऱ्या. युनिकोडचं प्रमाणित नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याचे नियम, या दोन्हींना एक करत नाही. त्यात कित्येक शोधप्रणाली न दिसणारी चिन्हं सरसकट गाळून टाकतात. तसं झालं की ‘र’चा रफार होतो आणि गावाचं नाव ‘कर्हाड’ बनतं. गोऱ्हे, कुऱ्हाडे अशा आडनावांचीही तीच गत.

उपाय चार ओळींचा होता. इंडेक्स (शोधासाठीची सूची) करण्याआधी दुसऱ्या तऱ्हेचं पहिलीत रूपांतर करायचं, आणि शोधायला टाकलेल्या शब्दालाही तोच नियम लावायचा. पतसंस्थेचं काम त्याच दिवशी मिटलं, बिलही लावलं.

पण ज्या ओपन सोर्स लायब्ररीवर (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडवर) हे चालत होतं, तिच्यातच ती खोट होती. म्हणून मी तिथे इश्यू, म्हणजे सगळ्यांना दिसणारी तक्रार, टाकला. मेंटेनर, म्हणजे ती लायब्ररी सांभाळणारा, युरोपातला, त्याला देवनागरीचा गंधही नव्हता. दोन्ही रूपांचे कोडपॉइंट (प्रत्येक चिन्हाचा युनिकोडमधला क्रमांक) क्रमाने लिहिले, पडद्याचं चित्र जोडलं, काय सापडायला हवं आणि काय सापडतं ते खाली मांडलं. त्याचा पहिलाच प्रश्न होता की याने इतर भाषांचं काही बिघडेल का? रास्त प्रश्न. नेपाळीतही ‘गर्‍यो’सारखे शब्द आहेत आणि ते बहुधा जॉइनर लावूनच लिहिले जातात. मग नेपाळी आणि हिंदी शब्दांच्या टेस्ट, म्हणजे कोड आपोआप तपासणाऱ्या चाचण्या, लिहिल्या. त्यावर वेग किती कमी होतो हे मोजून दाखवायला सांगितलं, तेही दाखवलं. असं बरेच आठवडे चाललं आणि शेवटी पॅच, म्हणजे माझी दुरुस्ती, आत गेला. या सगळ्याचा एक रुपयाही मिळाला नाही.

पुढे जुन्या वर्तमानपत्रांचं डिजिटायझेशन करणाऱ्या एका कंपनीचा मेल आला. त्यांनी माझ्या चार ओळी बघितल्या असतील-नसतील, ती चर्चा मात्र पूर्ण वाचली होती. आक्षेप घेतला की हा माणूस चिडतो का, टेस्ट लिहायला कंटाळतो का, अर्ध्यात सोडून जातो का, हे सगळं त्यांना तिथे आयतं वाचायला मिळालं. मुलाखतीत हे कळत नाही आणि रेझ्युमेवर लिहिता येत नाही. माझ्या मते ओपन सोर्सचा फायदा तो एवढाच, पण स्वतंत्र माणसाला एवढा पुष्कळ होतो.

‘नाव करायचं’ म्हणून घाईने केलेलं उलटही अंगाशी येतं. ओपन सोर्सला हातभार लावणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात २०२० साली फुकटच्या टी-शर्टसाठी रीडमीत (प्रकल्पाच्या माहितीपत्रकात) एखादा शब्द घुसडून पुल रिक्वेस्टचा, म्हणजे ‘माझा बदल घ्या’ अशा विनंत्यांचा, इतका भडिमार झाला, की आयोजक डिजिटलओशनला मध्येच नियम बदलून तयारी दाखवणाऱ्या प्रकल्पांपुरताच तो उपक्रम ठेवावा लागला. त्या गर्दीत आपल्याकडचे विद्यार्थी बरेच होते. तुम्ही रोज जे वापरता, त्यात तुम्हाला खुपणारी एकच गोष्ट धरा.

कंपनीत असताना जाणवत नाही अशी आणखी एक गोष्ट आहे. तिथे शेजारच्या टेबलावरचा माणूस तुमचा कोड वाचतो, ‘हे काय केलंस रे?’ म्हणतो. गावी हे म्हणायला कोणी नसतं. गिऱ्हाईक खूश असतं आणि आपण हळूहळू गंजत जातो. पुण्यात प्लग (लिनक्स वापरणाऱ्यांचा गट), पायथॉन पुणे, फॉस युनायटेड अशा प्रोग्रामरांच्या गटांच्या भेटी होतात. पुण्यात आहात तोवर जायला लागा. सुरुवातीला नुसतं ऐका, मग एकदा स्वतःच्या कामावर बोला. ओळखी नोकरीत असतानाच होतात. नंतर गावाहून येऊन-जाऊन करणं जिवावर येतं. ईआरपीनेक्स्टसारखं मुंबईत घडलेलं, धंद्याचा हिशेब-साठा सांभाळणारं, पूर्ण खुलं सॉफ्टवेअर लहान कारखान्यांना बसवून देऊन पोट भरणारेही बरेच आहेत. हिशेबाची आवड असेल तर तेही बघा.

आता पैशांचं. पतसंस्थेचं बिल संचालक मंडळाच्या सभेत मंजूर व्हावं लागतं. सभा पुढे ढकलली की तुमचे पैसेही पुढे. एका संस्थेने (नाव कशाला घ्या) वर्षभर ‘पुढच्या मीटिंगला नक्की, साहेब’ यावर काढलं. तेव्हापासून निम्मे पैसे आगाऊ आणि एएमसी (वार्षिक देखभालीचे पैसे) तिमाहीच्या सुरुवातीला, हे करारातच लिहितो. ‘जरा एवढं एक बटण’ म्हणून येणारी कामंही तासावर लावतो. चहा पाजतात, तो वेगळा हिशेब.

कराचं एका चांगल्या सीएकडे सोपवा. तरी एवढं माहीत असू द्या: गृहीत उत्पन्नाची जी सोय ४४एडीए या नावाने ओळखली जाते, तिच्यात जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरून मोकळं होता येतं. आपलं काम तिच्यात बसतं का, ते सीएला विचारा. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते, आणि त्यात परदेशातली बिलंही धरली जातात. नोंदणी झाल्यावर परदेशी बिलावर कर न भरता काम करायचं तर एलयूटी नावाचं हमीपत्र दर आर्थिक वर्षी नव्याने भरावं लागतं. हे लोक हमखास विसरतात.

घरचे काय म्हणतील, हेही तुम्ही विचारलंय. दिवसा घरी दिसलात की शेजारी ‘नोकरी गेली का?’ विचारणारच, त्याला इलाज नाही. लग्न व्हायचं असेल तर स्थळं शोधणाऱ्या काकांना आधी विश्वासात घ्या.

आणि घर घ्यायचं डोक्यात असेल तर कर्ज राजीनाम्याआधीच मंजूर करून घ्या, मात्र बाहेर पडल्यावर हप्ते झेपतील एवढंच. स्वतंत्र काम करणाऱ्याकडे बँका साधारण दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागतात, आणि पहिल्या वर्षाचा आकडा बघून मॅनेजर काय तोंड करतो ते न बघितलेलंच बरं.