आधी कमी कर, मग आवर

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. 'दिवसभर आवरते आणि संध्याकाळी घर पुन्हा होतं तसंच, माझंच काहीतरी चुकतंय.' आवरण्यात तुझं काहीच चुकत नाही गं. घरात सामानच इतकं आहे की दोन लहान मुलं असताना ते कुणालाच आवरणार नाही. आधी कमी कर, मग आवर.

आणि कप्प्यांचं नवीन कपाट घेऊ नकोस. मी तेच केलं होतं. धाकटी अडीच वर्षांची असताना झाकणांचे 12 डबे आणले, प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली. दोन महिन्यांत डबे गच्च भरले आणि डब्यांवर नवा ढीग चढला. झाकणं मुलांना उघडेनात, म्हणून दर पाच मिनिटांनी 'आई, काढून दे.' मी पसारा कमी करत नव्हते, नुसता इकडचा तिकडे हलवत होते. आणि त्या चिडचिडीत मुलांवर किती ओरडले, ते आठवलं की आजही पोटात तुटतं.

अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी दीड ते अडीच वर्षांच्या 36 मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन पाहिलं. चारच असताना मुलं एकेका खेळण्यात जास्त वेळ रमली, त्याच्याशी जास्त तऱ्हांनी खेळली. हा अभ्यास 2018चा. तोवर माझी मुलं मोठी झाली होती. तुझी अजून लहान आहेत, म्हणून एवढं आग्रहाने लिहितेय.

खेळण्यांचे तीन वाटे कर. एक बाहेर, दोन माळ्यावर. पंधरा दिवसांनी बदल. बाहेरची खेळणी मुलांच्या हाताला येतील अशा उघड्या टोपलीत ठेव, म्हणजे तीच काढतील आणि तीच टाकतील. आखूड झालेले कपडे त्याच आठवड्यात बाहेर. 'आठवण म्हणून' म्हणतेस, तर एक झबलं ठेव. वीस कशाला? नातेवाईक खेळणी आणतात, नाही म्हणवत नाही, असंही लिहिलंस. आणू देत. एक आलं की एक जाईल. याला कसली हिंमत लागते? आधी कमी कर, मग आवर, हे मी तुला शंभरदा सांगेन.

एक मात्र माझ्यासारखं करू नकोस. थोरल्याचा एक कान तुटलेला ससा मी त्याला न विचारता देऊन टाकला. चार रात्री तो पलंगाखाली वाकून शोधत होता. घर रिकामं करणं बरोबरच होतं, त्यावर मी आजही ठाम आहे. पण ससा त्याचा होता. आवडत्या गोष्टीला त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नकोस.

सुरुवात कपाटापासून नको, सोफ्याजवळच्या त्या मोठ्या टोपलीपासून कर. मुलं झोपली की जमिनीवर उपडी कर. बटणासारखे चपटे सेल असलेली, झाकण सैल झालेली खेळणी सगळ्यात आधी बाजूला काढ. तो सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून गंभीर इजा होऊ शकते, आणि ढिगात तो हरवला तर तुला कळणारही नाही. मग मोडकी खेळणी काढ, मग जोडी हरवलेली. उरेल तेवढंच टोपलीत परत टाक आणि झोपायला जा. भांडी सकाळी बघ.

तुझी,
काकू