रहिवाशांच्या रात्रगस्तीचा आजच्या काळात खरंच काही उपयोग होतो का?

नागपुरात तुमच्या बेसा भागातल्या ले-आउटमध्ये घरफोड्या वाढल्यात, पोट्टे गस्त घालू म्हणतात आणि ज्येष्ठ मंडळी विचारतात की कॅमेरे असताना हे कशाला. हाच वाद आमच्याकडे झालाय, म्हणून लिहितो. उपयोग होतो. पण चोर पकडण्यासाठी नाही.

आम्ही अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला, नाग नदीजवळ राहतो. उन्हाळ्यात निम्मी घरं कुलूपबंद असतात आणि उरलेल्यांच्या कूलरच्या आवाजात शेजारचं कुलूप तुटलेलं ऐकू येत नाही, म्हणून गस्त सुरू झाली. पुढे सभेत सचिवांनी विषय काढला: कॅमेरे लागले, चौकीदार ठेवला, आता गस्त बंद करा. मी उभा राहून म्हटलं, कॅमेऱ्यात चोराचा चेहरा दिसेल, पण कोणत्या घरात कोण एकटं झोपतं ते कॅमेऱ्याला कसं कळणार? "रिकामटेकड्यांचा चहा चालतो तिथे," असं मला भर सभेत ऐकवलं गेलं. ते मी अजून विसरलेलो नाही. गस्त मात्र आम्ही चालूच ठेवली.

मग 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आली. ढगफुटीसारखा पाऊस, अंबाझरी ओसंडून वाहायला लागला, नाग नदी घराघरांत शिरली. वीज गेली, कॅमेरे बंद पडले. चौकीदाराच्या खोलीतच कमरेएवढं पाणी होतं, त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नाही. एनडीआरएफ आली, लष्करही आलं, पण ते पोहोचेपर्यंत जे करायचं ते शेजाऱ्यांनीच करायचं होतं.

आमच्या गस्तीची एक डायरी आहे. घर कोणाचं, तळमजल्यावर कोण झोपतं, चालता येतं का, दुसरी किल्ली कोणाकडे. कोपऱ्यावरच्या घरात एक आजी राहतात, वॉकर घेऊन चालतात, मुलगा पुण्याला. पोट्टे थेट समोरच्या वहिनींकडे गेले, किल्ली घेतली, ग्रिल उघडलं. आतल्या दारामागे सोफा तरंगत येऊन अडकला होता, दोघांनी खांदा लावून तो सरकवला. आजी पलंगावर बसून होत्या, गादी खालून भिजत चालली होती, फ्रीज आडवा होऊन भिंतीला आपटत होता. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी त्यांना जिन्याने वर नेलं. किल्ली कोणाकडे आहे हे माहीत नसतं तर ग्रिल तोडत बसावं लागलं असतं. रिकामटेकडे कोण, ते मी तेव्हापासून कोणाला विचारलेलं नाही, आणि मला कोणी सांगायलाही आलेलं नाही.

आता काठ्यांचं. तुमचे पोट्टे काठ्या मागतील. देऊ नका. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवर जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. एप्रिल 2020 मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात अशाच अफवांनी दोन साधू आणि त्यांच्या ड्रायव्हरचा जीव घेतला. रात्री जागणारी, घाबरलेली माणसं आणि हातात काठ्या, यातून दुसरं काय होणार? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 नुसार डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूसही पकडू शकतो, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. हाणायचा अधिकार कोणालाच नाही. बॅटरी, शिट्टी आणि 112 पुरे. पहाटे दूधवाला, पेपरवाला, डिलिव्हरीचा पोरगा येणारच, त्याला अडवून आधार कार्ड मागायला आपण कोण?

हेही सांगतो: आमच्या गस्तीने आजवर एकही चोर पकडलेला नाही, आणि गस्त चालू असतानाही एक घर फुटलं. डायरी कागदावरच ठेवा, एकाच भरवशाच्या माणसाकडे. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली तर चोराला आयती यादी मिळेल. आणि ती भरायला बायकांना घ्या. कोणाचं ऑपरेशन झालंय, कोण माहेरी गेलंय, हे गस्तीवरच्या पुरुषांना क्वचितच माहीत असतं.

पुढच्या सभेत आमच्याकडे कॅमेऱ्यांच्या वर्गणीचा विषय पुन्हा आहे. वर्गणी देईन. गस्त बंद करायचा ठराव आला तर विरोधही करीन.